कोणत्या चालीवर मोजलं?

बोरसे अण्णांच्या पुढे कुठलाही घट्ट पदार्थ ठेवला की ते आधी त्याचे अँपिअर सांगतात. खायचं मग.

आमच्या थोरलीच्या साखरपुड्यात हे पन्नासेक माणसांसमोर झालं. वाढप्याने श्रीखंडाची वाटी ठेवली. अण्णांनी चमचा उभा धरला, आधी सावकाश तीन वेढे दिले, मग भरभर तीन. मान जराशी तिरपी केली आणि म्हणाले, "आठ. सव्वाआठ धरा." शेजारी बसलेल्या आमच्या व्याह्यांना वाटलं, हे आपल्याला निघायची वेळ सुचवत आहेत. त्यांनी पाट सोडायची तयारी केली. माझ्या पत्नीने, सुनंदाने, नंतर मला ऐकवलं, "माणसाने श्रीखंड गोड आहे की नाही ते सांगावं. तुमच्या कारखान्याची माणसं बोलवायची म्हणजे हे असं."

मीही त्याच कारखान्याचा माणूस.

आमच्या शिऱ्याला त्यांनी नऊ दिले आहेत, पिठल्याला साडेसहा. एकदा दोन्ही घरची मंडळी दुधनीला गेलो होतो, तर धरणाच्या काठच्या चिखलात काठी फिरवून म्हणाले, "अकरा. ट्रिप." सिंधूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदर तोंडाशी धरून हसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, लग्नात माझ्या हातावरची मेंदीसुद्धा मोजली होती यांनी."

अण्णा म्हणाले, "पाच होती. पातळ कालवेल होती."

हे अँपिअर कुठले ते सांगतो. सिल्वासात आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी दुसऱ्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. खडोलीच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघं आहोत, तिथे कापडाच्या छपाईची खळ तयार होते. रंग या खळीत कालवला की कापडावर फुटत नाही, नक्षीच्या आत राहतो. अण्णा ढवळण्याच्या खात्याचे मुकादम, मी विजेच्या खात्यात. हजार लिटरची टाकी, मधोमध उभा दांडा, त्याला रुंद पातं, वर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आणि भिंतीवर अँमीटर. खळ घट्ट होत जाते तसा काटा चढतो, आणि अकराला मोटर ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. बत्तीस वर्षं तो काटा पाहून अण्णांच्या मनगटाला तो पाठ झाला आहे. बादलीत नमुना घेऊन पळी फिरवायची आणि हा माल टाकीत काटा कुठे नेईल ते सांगायचं.

मला आकड्यांशिवाय काही पटत नाही. घरच्या वीजमीटरचं वाचन मी रोज सकाळी सात वाजता लिहितो, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा अण्णांचे अंदाजही मी त्यांना न सांगता लिहून ठेवले. साठ वेळा लिहिले. त्यातले बावन्न पाव अँपिअरच्या आत होते. उरलेल्या आठांपैकी तीन वेळा आमचा अँमीटरच बिघडलेला निघाला.

एवढं असूनही आमचं भांडण चालूच असायचं. मी म्हणायचो, "अण्णा, अँपिअर म्हणजे खाल्लेली वीज नव्हे. रिकाम्या टाकीलाही तुमचा काटा साडेचारवर असतो. मोटर रिकामी फिरतानाही ओढतेच. ते आधी वजा करा. आणि ओढलेला प्रवाह वेगळा, कामाला लागलेली शक्ती वेगळी. किलोवॅट बघा."

"करा वजा," अण्णा म्हणायचे. "तुमच्या वहीत करा. माझं मनगट वजाबाकी करूनच बोलतं."

पळी आधी हळू आणि मग जोरात का फिरवायची, हे मी त्यांना पहिल्या वर्षीच विचारलं होतं. त्यांनी दोन बादल्या मागवल्या. एकीत ग्लुकोजचा पाक, एकीत खळ. म्हणाले, "फिरवा." पाक हळू फिरवला तेव्हा घट्ट होता, जोरात फिरवला तेव्हाही तितकाच घट्ट. खळ हळू फिरवली तर पळी अडत होती, आणि जोर केला की एकदम वाट देत होती.

"पाकाला एकच स्वभाव," अण्णा म्हणाले. "खळीला दोन. तिला हळू विचारलं तर नाही म्हणते, जोरात गेलात तर हो म्हणते. म्हणून कोणी मला येऊन सांगितलं ना की बोरसे, खळ अमुक घट्ट आहे, तर मी एकच विचारतो. कोणत्या चालीवर मोजलं?"

हा प्रश्न ते सगळीकडे विचारत. जावयाने नाशिकहून फोन करून सांगितलं की गाडी लिटरला अठरा किलोमीटर देते, तर हेच. दवाखान्यात नर्सने रक्तदाब सांगितला, तर हेच. नर्स म्हणाली, "काका, बसून मोजला." अण्णा म्हणाले, "मंग बरोबर."

दवाखान्याचा विषय निघाला तो वहिनींमुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं, आणि गिळणं अर्धं राहिलं. घशाची हालचाल मंद झाली होती. घशातलं झाकण पडायला वेळ लागायचा, आणि पाणी तेवढ्यात श्वासाच्या नळीत उतरायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : पाणी, चहा, ताक, काहीही पातळ तोंडात घालायचं नाही. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने. पुन्हा पुन्हा छातीत गेलं तर न्यूमोनिया होईल, आणि मग नाकातून नळी घालावी लागेल.

इस्पितळात पहिले दहा दिवस ती नळी होतीच. वहिनींनी डाव्या हाताने ती दोनदा उपसून काढली. दुसऱ्या वेळी हात बांधावा लागला. घरी आणलं त्या दिवशी त्यांनी त्याच डाव्या हाताने अण्णांचं मनगट धरलं आणि स्वतःच्या नाकाकडे बोट करून मान हलवली. अण्णा म्हणाले, "नाही घालू देणार." त्या दिवसापासून त्यांच्यापुढे एवढं एकच काम होतं. वहिनींनी तोंडाने खायचं, नळीने नाही.

त्यांनी स्वतः होऊन कायमची पहिली पाळी मागून घेतली. सकाळी सातच्या आधी भरवून निघायचे. बरोबर सव्वाबारा वाजता, टाकीत काहीही चालू असो, हात धुऊन स्कूटरला किक मारायचे, भरवून सव्वा वाजता परत यायचे. मधल्या वेळात सुनंदा वहिनींपाशी बसायची. नाशिकची मुलगी येऊन जाऊन असायची, पण तिचं मूल लहान होतं.

घट्ट करायची पावडर डॉक्टरांनी लिहून दिली होती. अण्णांनी ती एकदा ढवळली आणि नाक मुरडलं. "गुठळ्या धरते. आणि चव पुठ्ठ्याची." त्यांनी ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायला घेतला. खानदेशात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करताना पिठाचा जो घाटा शिजवतात तो. पारोळ्याकडे त्यांच्या घरी उन्हाळ्यात मोठ्या पातेल्यात हा घाटा वहिनीच चाटूने ढवळायच्या. अण्णा त्यात कधी डाळीचं पाणी घालत, कधी दूध, कधी आंब्याचा रस. वस्त्रगाळ करून चमचा तिरपा धरून बघायचे. घाटा ओघळता कामा नये, गोळ्याने सुटला पाहिजे, पण चमचा जरा झटकताच सुटला पाहिजे. पाण्यातही ते तीच ज्वारीची पेज घालून घट्ट करायचे. पाण्याचा माठ मात्र त्यांनी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला, कारण वहिनींची नजर तिथे जायची.

भरवताना ते अहिराणीत बोलत. कारखान्यात मराठी, हिंदी, गुजराती सगळं चालायचं, अहिराणी मी त्यांच्या तोंडून वहिनींपाशीच ऐकली. "गियी ले, माय. गियी ले." गिळून घे. मग दोन बोटं वहिनींच्या गळ्यावर ठेवून घाटी वर जाऊन खाली आली याची खात्री करायची, मगच पुढचा चमचा. "आखो एक." चाळीस चमच्यांना चाळीस मिनिटं.

एकदा मी म्हटलं, "तुम्ही जेवता कधी?"

"तिच्याबरोबरच."

"काय?"

"तेच." मग म्हणाले, "तिच्यासमोर भाकर मोडल्याचा आवाज होतो भाऊ."

मी सुनंदाला हे सांगितलं. त्यानंतर ती श्रीखंडाबद्दल कधी बोलली नाही.

याच काळात कारखान्यात पाच हजार लिटरची नवी टाकी आली. जिग्नेशभाई नावाचे तरुण इंजिनिअर वापीहून रोज येत. सरळ मुलगा, कष्टाळू. त्यांनी प्रयोगशाळेतून खळीच्या घट्टपणाचा आकडा मागवला, सूत्रात घातला आणि दहा हॉर्सपॉवरची मोटर पुरेल असं काढलं. मीही कागद तपासला. गुणाकार भागाकार सगळं बरोबर होतं. मी सही केली.

अण्णांनी कागद लांब धरून पाहिला. "आकडा कोणत्या चालीवर मोजलेला?"

जिग्नेशभाई म्हणाले, "अण्णा, लॅबच्या मशीनवर. एकदम बराबर मशीन छे."

"मशीन बराबर असेल. ते आपलं टकळीसारखं किती जोरात फिरतं? आणि आपलं पातं किती हळू? जोरात विचारलं, ती हो म्हणाली, तुम्ही लिहून घेतलं. आमचं पातं तिला हळू विचारणार. मोटर वीसची लागेल."

"वीस? डबल?"

"आणि एक सांगतो. पात्याजवळ माल चालताना दिसेल, पण भिंतीपाशी झोपेल राहील. तो पण उठवावा लागेल."

दहाची मोटर आधीच मागवली गेली होती. ती आली, बसली, आणि शनिवारी गरम ताज्या मालावर झकास चालली. जिग्नेशभाईंनी पेढे वाटले. अण्णांनी पेढा न ढवळता खाल्ला, म्हणजे ते त्या दिवशी फार सभ्यपणे वागले. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मोटर सुरू केली तर एक वेढा फिरून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी जळका वास आला तेव्हा मीच मेन बंद केला. सगळा माल रात्रंदिवस निवांत झोपून थिजला होता. अख्खा मंगळवार माणसं बादल्यांनी तो उपसत होती. माझी सही असलेला कागद माझ्या खिशात होता.

अण्णा टोचून काहीच बोलले नाहीत. जिग्नेशभाईंना म्हणाले, "चला, बाळ, लहान टाकीवर करून बघू." मग तिघांनी मिळून आठवडाभर जे केलं त्याच्याइतकं समाधानाचं काम मी नोकरीत दुसरं केलेलं नाही. लहान टाकीला नव्या पात्याच्या आकाराचंच छोटं पातं बसवलं. आधी रिकामं फिरवून मी किलोवॅट टिपले. मग खळ भरून वेगवेगळ्या चालींवर टिपले आणि रिकामे आकडे वजा केले. मग खळ काढून ग्लुकोजचा पाक भरला, आणि खळीने ज्या चालीला जितकी शक्ती खाल्ली तितकीच पाक खाईपर्यंत त्यात थोडं थोडं पाणी घालत गेलो. शक्ती जुळली की समजायचं, या चालीला खळ या पाकाएवढी घट्ट आहे. पाकाचा स्वभाव एकच, त्यामुळे त्याचा घट्टपणा कुठल्याही मशीनवर मोजा, खरा. अशी पाच चालींची पाच उत्तरं मिळाली. ती घेऊन जिग्नेशभाईंनी मोठ्या टाकीचं गणित पुन्हा मांडलं. साडेअठरा आलं. त्याच्या वरची बाजारात मिळते ती वीसची.

"अण्णा, वीस," जिग्नेशभाई म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "तमे पहलेज कीधेलुं." तुम्ही आधीच सांगितलं होतं.

अण्णांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून चौदा मिनिटं झाली होती. ते हात धुवायला गेले.

त्या हिवाळ्यात वहिनींना न्यूमोनिया झाला. आठ दिवस इस्पितळ. बऱ्या होऊन आल्या आणि दीड महिन्यात पुन्हा झाला. डॉक्टर म्हणाले, "बोरसे, अन्न छातीत जातंय. तुम्ही कुठेतरी पातळ देताय." अण्णा पहिल्यांदाच कोणावर तरी चिडलेले मी पाहिले. "मी? पातळ? साहेब, मी रोज प्रत्येक वाटी मोजतो." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग तिची गिळायची शक्तीच कमी होत असेल. अजून एकदा झालं तर नळी घालू."

घरी येताना अण्णा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. इमारतीपाशी उतरल्यावर म्हणाले, "भाऊ, तुमची वही आणा."

मी रोज दुपारी तिथे नसायचो, पण सुनंदा असायची. तिला मी उभ्या रेघा मारून दिल्या. कितवा चमचा, ठसका लागला की नाही. एकवीस दिवस तिने टिपलं. रोज तीन वेळा. मी रविवारी बसून बेरीज केली. एकूण चौतीस ठसके. त्यातले एकोणतीस अठराव्या चमच्यानंतरचे.

मला उत्तर सोपं वाटलं. "वहिनी दमतात. पुढे पुढे घसा थकतो. जेवण लहान करा, पाच वेळा द्या."

अण्णांनीही मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते थोडं थोडं देणार होते. तो रविवार असल्यामुळे मी तिथेच बसून राहिलो. त्यांनी दुपारचं भरवायला घेतलं. तेविसाव्या चमच्याला ठसका लागला. वहिनींचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. अण्णांनी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर हात फिरवला, निवल्यावर उशीला टेकवलं. मग वाटी उचलून आत न्यायला वळले आणि सवयीने चमचा उभा धरून वाटीत उरलेला घाटा ढवळला. हळू तीन वेढे.

चौथा वेढा त्यांनी दिला नाही. चमचा भरून तिरपा केला. घाटा ओघळला. ताकासारखा.

"गरमीने असेल," मी म्हटलं. "किंवा थंड झाल्यामुळे."

अण्णा स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात उरलेला तोच घाटा त्यांनी चमच्यावर घेतला. तो गोळ्याने उभा होता. बाहेर येऊन माझ्यासमोर दोन्ही चमचे धरले. एक उभा, एक वाहणारा. एकाच पातेल्यातला, चाळीस मिनिटांच्या आतला.

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "भाऊ, मिलमध्ये कापडावरची जुनी खळ काढायची असली की काय घालतात?"

मला ठाऊक होतं. मी त्या वाहणाऱ्या चमच्याकडे पाहिलं.

"एन्झाइम घालतात. बादलीभर घातलं की घट्ट खळीचं पाणी होतं. तेच माणसाच्या थुंकीत असतं. चमचा तिच्या तोंडात जातो, परत वाटीत येतो. तोंडातून वाटीत, तोंडातून वाटीत. वीस चमचे झाले की वाटीत पाणी. मी वाटी सुरुवातीला मोजत होतो. शेवटी मोजलीच नाही." ते आपल्या मनगटाकडे बघत होते. "बत्तीस वर्षं खळीत घातली. कोणाला कधी खळीच्या पिंपात खरकटा हात घालू दिला नाही. आणि दोन वर्षं घरात हेच केलं."

वहिनी पलंगावरून बघत होत्या. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. त्यांनी डावा हात उचलून अण्णांकडे केला, तो अर्ध्यावर पडला. अण्णांनी उठून तो हातात घेतला नाही. ते उठून वाट्या घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ लहान वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. एका वाटीत पाच चमचे घाटा, बाकीचा झाकलेल्या पातेल्यात. एक वाटी संपली की चमचासुद्धा बदलायचा. दुकानातून डॉक्टरांची पावडरही परत आणली. पण अण्णा स्वतः भरवायला बसेनात. सुनंदाला म्हणाले, "वैनी, तुम्ही भरवा. माझा हात आता सांगत नाही." ते स्वयंपाकघरात उभे राहून वाट्या भरत आणि ठसका ऐकू येतो का याची वाट बघत. सुनंदा बाहेरून मोठ्याने सांगायची, "पहिली झाली. दुसरी झाली." नऊ दिवस असं चाललं. दहाव्या दिवशी वहिनींनी सुनंदाच्या हातातला चमचा तोंड मिटून नाकारला आणि दाराकडे बघत राहिल्या. सुनंदा उठून आत गेली. "अण्णा, त्या माझ्या हातून खात नाहीत. वाटी घ्या आणि या. मला घरी पोळ्या पडल्यात."

पुढच्या एकवीस दिवसांत चार ठसके लागले. त्याच्या पुढच्या एकवीस दिवसांत दोन. डॉक्टरांना मी वही दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि नळीचा विषय काढला नाही. वहिनी त्यानंतर सात महिने तोंडाने जेवल्या. आंब्याच्या दिवसांत त्यांनी आंबा खाल्ला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मागे वळून पाहताना अण्णा ती दोन वर्षंच मोजतात, हे सात महिने मोजत नाहीत. मी त्यांना दोन्ही आकडे सांगून पाहिले आहेत.

दुसरा झटका मोठा होता. तिसऱ्या दिवशी इस्पितळातून सांगितलं, घरी न्या. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही त्यांना आणलं, तोवर पारोळ्याहून वहिनींचे भाऊ आबा आणि दोन जावा येऊन पोचल्या होत्या. नाशिकची मुलगी उशाशी बसली. श्वास लांब लांब अंतराने येत होता. मी नकळत घड्याळावर ते अंतर मोजायला लागलो आणि मग घड्याळ काढून खिशात ठेवलं.

आबांनी देवघरातून पाण्याची वाटी आणली. त्यात तुळशीचं पान होतं. त्यांनी वाटी अण्णांच्या हातात दिली. "दाजी, तोंडात पाणी घाला. वेळ झाली."

अण्णांनी वाटीत पाहिलं. चमचा भरला, वर धरला. पाणी चमच्याच्या कडेवरून खाली टपकलं.

"पातळ आहे," ते म्हणाले.

आबांना समजलं नाही. "पाणीच आहे दाजी. माठातलं."

"हो, पण पातळ आहे."

एक जाऊ रडायला लागली. अण्णा माझ्याकडे वळले. मी भिंतीशी उभा होतो. गेली तीस वर्षं हा माणूस मला आकडे सांगत आला होता, उत्तर हवं म्हणून त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं.

"भाऊ, आता चालेल का?"

मी आकड्याशिवाय काही सांगत नाही, ही माझी सवय. तिथे माझ्यापाशी कुठलाही आकडा नव्हता. मी म्हटलं, "चालेल, अण्णा."

त्यांनी वहिनींचं डोकं डाव्या दंडावर घेतलं आणि पहिला चमचा ओठांच्या फटीत सोडला. दोन बोटं गळ्यावर ठेवली, कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि थांबले. आबा हळूच म्हणाले, "दाजी, एक चमचा पुरे असतो." अण्णांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. बराच वेळ ऐकलं. ठसका आला नाही. मग दुसरा चमचा भरला. बरंचसं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर येत होतं, ते पुसून पुन्हा भरत होते. तीन वर्षांत ज्या बाईला एक घोट पाणी मिळालं नव्हतं, तिला त्यांनी ती वाटी चमच्याचमच्याने सगळी पाजली, आणि वाटी संपेपर्यंत आमच्यातल्या कोणाला जागचं हलू दिलं नाही.